गोणीमागे चार

मोजणीवाल्यानं भट्टीच्या कडेला खांब रोवून त्यावर करडी पेटी ठोकली, त्या दिवसापासून उस्तादाला अन्न गोड लागेना.

पेटी दोन विटांएवढी. तिला ना बटण, ना काटा. पुढच्या अंगाला बारीक जाळी आणि आत सतत चाललेली हलकी घरघर. मोजणीवाला उतार उतरून दिसेनासा झाल्यावर उस्तादानं जाळीला नाक लावून पाहिलं. वास काहीच आला नाही. ज्या वस्तूला वास नाही तिचा भरवसा धरायचा नाही, हे त्याचं जन्माचं धोरण होतं, कारण त्याचा सगळा धंदाच नाकावर चालायचा. मातीनं लिंपलेल्या भट्टीत आग कुठवर उतरली आहे, हे बाकीचे लोक सळई खुपसून बघायचे. हा बाबा दहा पावलांवर उभा राहून दोनदा श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून कमरेच्या वरच आहे." ते खरं निघायचं. म्हणून तर अख्खा डोंगर त्याला उस्ताद म्हणायचा.

"ही पेटी आपलं बोलणं ऐकते का रे?" त्यानं लेकाला विचारलं.

लेक ओंडके फोडत होता. कुऱ्हाड न थांबवता तो म्हणाला, "धूर मोजते म्हणे."

"धूर मोजायला घरघर कशाला करावी लागते? मी करतो का घरघर?"

"झोपेत करता."

उस्तादानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डोंगराच्या या अंगाला कोळसा पाडणारी सात घरं होती. जंगल सरकारचं, त्यातला एकेक पट्टा एकेका घराकडे, आणि पट्ट्याचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यायचा. आजवर त्यात कुणाला फार घाम गाळावा लागला नव्हता. यंदा मात्र मोजणीवाल्यानं सगळ्यांना खालच्या डेपोत पत्र्याच्या शेडखाली बोलावून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. हवा तापते आहे, ती धुरानं तापते आहे, म्हणून आपल्या विभागानं आपला धूर एक चतुर्थांशानं घटवायचा विडा उचलला आहे. गाड्यांचा, कारखान्यांचा आणि कोळशाच्या भट्ट्यांचासुद्धा. यंदा नुसतं मोजायचं. पुढच्या वर्षी ज्याचा धूर घटलेला दिसणार नाही, त्याचा पट्टा जाईल.

"साहेब, आमच्या धुरानं हवा तापते तर हिवाळ्यात आम्ही का कुडकुडतो?" शेजारच्या पट्ट्यावरच्या खोकल्यानं विचारलं. बोलताना मध्येच दोनदा खोकायचा म्हणून तो खोकल्या. सगळे हसले. मोजणीवालाही हसला, पण त्यानं कागद खिशात घातला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी उस्तादानं धकवून नेलं असतं. पण प्रत्येक पट्ट्यावर रोजच्या नोंदी ठेवायला लिहिता येणारं माणूस हवं होतं, आणि या घरात शाळा पुरती शिकलेली एकटी सून होती. मोजणीवाल्यानं तिला त्या कागदाची एक प्रत दिली, जाड पुठ्ठ्याची वही दिली, पेन दिलं, गळ्यात अडकवायला नाव-पत्त्याचा बिल्ला दिला. वर तिला बसायला खुर्ची दिली. चाळीस वर्षं कोळसा पाडलेला सासरा खांबाला टेकून उभा, आणि दोन वर्षांपूर्वी घरात आलेली सून खुर्चीवर. ती अवघडून अर्धी उठली, तर मोजणीवाला म्हणाला, "बसा बाई, तुम्हाला लिहायचंय."

शेडबाहेर भिंतीवर एक चित्र लावलं होतं. चिमणी असलेली लोखंडी भट्टी, आपला धूर आपणच जाळून टाकणारी. तिच्याखाली लिहिलं होतं, कमी धूर, जास्त कोळसा. उस्तादानं ते चित्र बघितलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. अगदी अशीच भट्टी त्यानं आधी पाहिली होती. खाली गावात सुनेचा भाऊ वेल्डिंगचं दुकान चालवायचा. लग्नाच्या बोलणीला गेले तेव्हा त्याच्या अंगणात असा एक लोखंडी पिंप उभा होता.

घरी येईपर्यंत उस्तादाच्या डोक्यात सगळं जुळलं. भाऊ भट्ट्या बनवणार, बहीण वहीत धूर वाढवून लिहिणार. मातीच्या भट्ट्या नापास होणार, आणि मग सातही घरांनी रांगेत उभं राहून लेकाच्या मेहुण्याकडून लोखंड विकत घ्यायचं. कुठं पाणी मुरतंय ते सांगायला नाकसुद्धा नको होतं.

दुसऱ्या आठवड्यात पहिली भट्टी रचायला घेतली. मध्ये उभा खांब, त्याच्याभोवती ओंडके तिरपे टेकवत गोल गोल वाढवत न्यायचे, मोठ्या फटीत बारीक लाकूड ठोकून बसवायचं, वर पालापाचोळा आणि त्यावर ओली माती. रचणं ढिलं राहिलं तर आत हवा शिरते आणि कोळशाऐवजी राख हाती येते. उस्ताद गुडघ्यांवर बसून रचत होता आणि सून ओंडके हातात देत होती. त्यानं लेकाला सांगितलं, "मागच्या छपरातलं लाकूड आण."

मागच्या छपराखाली तीन वर्षं वाळवून राखलेलं लाकूड होतं. ठोकलं की टणटण वाजायचं. अडीअडचणीचं साल आलं, पावसानं सगळं भिजलं, तर म्हणून ठेवलेलं.

सुनेनं हातातला ओंडका खाली ठेवला. "मामंजी, एक सांगू?"

"सांग की. आता तू साहेबाच्या खुर्चीवरची."

तिनं ते गिळलं. "यंदा ते लाकूड नका काढू. नेहमीचंच घाला. कागदाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय. यंदा ज्याचा जो आकडा येईल, पुढच्या वर्षी त्यातूनच पाव हिस्सा कमी करून दाखवायचा. ज्यानं त्यानं आपापल्या आकड्यातून. आपण यंदाच तळाला गेलो, तर पुढच्या वर्षी खाली जायला जागा कुठाय?"

उस्ताद हातातली माती झटकत उठला. "म्हणजे मी मुद्दाम वाईट काम करू?"

"वाईट नाही हो. दर वर्षी करता तसं."

"आणि यंदा जो धूर ओकेल तो पुढच्या वर्षी सुटणार, आणि जो नीट काम करेल त्याचा पट्टा जाणार? असा कायदा वेड्यांच्या इस्पितळात तरी करतील का?"

"लिहिलंय तसं. वाचून दाखवू?"

"काही नको. चाळीस वर्षं कागद न वाचता भट्ट्या लावल्यात मी." आणि लेकाकडे वळून ओरडला, "आण म्हटलं ना!"

लेकानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि गपचूप छपराकडे गेला. दोघांच्या मध्ये सापडला की तो लाकडासारखाच मुका व्हायचा.

माझा आकडा वाईट यावा म्हणून ही धडपडते आहे, याबद्दल उस्तादाला आता तिळमात्र शंका उरली नाही. त्यानं मनाशी ठरवलं, यंदा अशी भट्टी लावून दाखवायची की साहेबाच्या पेटीनं तोंडात बोटं घालावीत.

भट्टी पेटली. पहिले तीन दिवस दाट पांढरा धूर, म्हणजे लाकडातलं पाणी. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. शेवटी निळा, असून नसल्यासारखा, म्हणजे आत कोळसा तयार. सुनेचं काम असं की दिवसातून तीनदा रंग, वेळ, कुठली भोकं उघडी, कुठली बुजवली, कुठं माती लिंपली, ते सगळं लिहायचं. लाकूड आत जाताना किती भरलं आणि कोळसा बाहेर येताना किती, तेही लिहायचं. त्यावरून मोजणीवाला एका गोणीमागे किती धूर झाला ते काढणार होता.

पहिल्या संध्याकाळी उस्ताद हातपाय धुऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "आण ती वही. वाच काय लिहिलंयस ते."

सून वाचू लागली. "सकाळी सहाला पेटवली. पांढरा धूर, दाट. दहाला पूर्वेकडची चार भोकं उघडली."

"तीन."

"चौथं तुम्ही नंतर पाडलंत. पावणेअकराला. ते खाली लिहिलंय."

उस्तादानं जरा वेळ आठवून पाहिलं. खरंच पाडलं होतं. त्याला उगीचच जास्त राग आला. "बरं. आता माझी सही घे."

"पानावर?"

"रोजच्या पानावर. उद्या तू एकाचे चार करशील आणि मी बसेन बोंबलत."

सुनेनं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्यालाच नजर काढून घ्यावी लागली. मग तिनं पेन पुढं केलं. उस्तादाची सही म्हणजे तीन आडव्या-उभ्या काड्या, पण त्यानं ती जोर लावून केली, खालच्या पानावर उमटेल अशी. त्यानंतर भांडी आवरून सून मोबाइल घेऊन पाणवठ्याकडे गेली. फोन लागायचा तो फक्त तिथंच. पायरीवरून उस्तादाला ती दिसत होती. एका हातानं कान झाकून ती बराच वेळ बोलत होती, मध्येच हात हलवून काहीतरी पटवत होती.

"कुणाशी बोलते ही?"

"भावाशी असेल," लेक म्हणाला.

"असणारच," उस्ताद म्हणाला.

त्या हंगामात त्यांनी चार भट्ट्या लावल्या, आणि अठ्ठेचाळीस पानांवर अठ्ठेचाळीस सह्या झाल्या. उस्ताद भट्टीपासून हलायचा नाही. जरा तडा दिसला की ओल्या मातीचा गोळा घेऊन शिडी लावून वर. भुवया जळून गेल्या, नखं काळी पडून दुखू लागली, थुंकी काळी पडायला लागली. तिसऱ्या भट्टीला वरची माती खचली आणि त्याचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. सुनेनं धावत जाऊन त्याला काखेत धरून ओढलं, पाय बादलीत घातला आणि फावडं घेऊन स्वतःच भोक बुजवलं. संध्याकाळी पायाला मलम लावून झाल्यावर तो कण्हत म्हणाला, "आज तर तुझी चंगळच. वाच. तासभर धूर सुटला म्हणून लिहिलं असशील."

"माती खचली. उघडा धूर, दहा मिनिटं," तिनं वाचलं.

दहाच मिनिटं झाली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण दहा का लिहिले असतील, हे त्याला कळेना, आणि जे कळत नाही त्याचा त्याला आणखीच संशय यायचा. पेटीचंही तसंच. एका दुपारी तिची घरघर बंद झाली. लेक म्हणाला बिघडली असेल. उस्तादानं डोकं हलवलं. "बिघडली कसली. आता गुपचूप ऐकते."

शेजारी खोकल्याच्या पट्ट्यावर मात्र काय चाललं होतं ते बघवत नव्हतं. ओलं, कालपरवा तोडलेलं लाकूड त्यानं कसंबसं ढीग घालून पेटवलं होतं. तडे बुजवायचीही तसदी नाही. अख्खी दरी धुरानं भरून जायची आणि त्या धुरात बसून खोकल्या खोकत खोकत हसायचा.

"लाज नाही वाटत?" उस्तादानं बांधावरून ओरडून विचारलं.

"यंदा नाही वाटत," खोकल्या म्हणाला. "पुढच्या वर्षी वाटून घेईन."

उस्तादाची शेवटची भट्टी उघडली, तेव्हा आतून निघालेला कोळसा फावड्यावरून पडताना काच वाजावी तसा वाजला. कच्चं एक लाकूड नाही, मूठभर राख नाही. लेकानं एक तुकडा उचलून आपटून पाहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलला, "असा कोळसा मी बघितला नाही." उस्तादाचा ऊर भरून आला. त्याच्या बापानंही असा कोळसा पाडला नव्हता. मागचं छप्पर मात्र जमिनीपर्यंत रिकामं झालं होतं.

आकडे सांगायच्या दिवशी सातही घरं पुन्हा पत्र्याखाली जमली. उस्ताद भाजलेल्या पायावर जोर न देता, पण मान वर करून उभा राहिला. मोजणीवाला एकेकाचं वाचत गेला. कुणाचा गोणीमागे सात, कुणाचा साडेसात. खोकल्याचा आठ. मग त्यानं चष्मा सारखा केला. "आणि उस्ताद, तुमचा चार. पूर्ण विभागात मातीच्या भट्टीचा इतका कमी धूर कुणाचाच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोजणीवाल्यानं पुढं येऊन हात मिळवला. उस्तादानं सुनेकडे असं पाहिलं की बघ, नाही जमलं ना तुला.

सून जमिनीकडे बघत होती.

"आता पुढच्या वर्षीचं," मोजणीवाला म्हणाला आणि दुसरा कागद काढला. "प्रत्येकानं आपल्या आकड्यातून पाव हिस्सा. आठवाल्यानं सहावर यायचं. सातवाल्यानं सव्वापाचवर." तो थांबला. "चारवाल्यानं तीनवर."

उस्तादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तीन? मातीच्या भट्टीत?"

"हो."

"साहेब, तीन कुणाचाच येत नाही. माझा चार आला तो तीन वर्षं वाळवलेल्या लाकडावर. ते लाकूड संपलं. नेहमीच्या लाकडावर माझा सहा येईल. कसाही केला तरी साडेपाच."

"मग तुम्ही नापास व्हाल," मोजणीवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, उलट त्याला वाईटच वाटत होतं. "नियम सगळ्यांना सारखा आहे."

"माझा सहा येईल आणि पट्टा जाईल. आणि याचा सहा आला तर राहील?" उस्तादानं खोकल्याकडे बोट केलं.

"उस्ताद, आठाचे सहा कसे करायचे ते जरा शिकवा की," खोकल्या म्हणाला. "नाहीतर राहू दे. लाकूड नुसतं वाळवून घातलं तरी होतील." दोघंतिघं हसले. उस्तादाच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेनं ओंडका खाली ठेवून सांगितलेलं एक एक वाक्य त्याला आठवलं, आणि त्या वाक्यांपुढं आपण काय बोललो तेही आठवलं.

"तुमची पेटी चुकली असेल," तो म्हणाला.

"पेटी कधीच बंद पडली, काजळी जाऊन. सगळ्यांच्याच पडल्या. आम्ही वहीवरच गेलोय." मोजणीवाल्यानं वही उघडली, पानं चाळली आणि आवाज खाली आणला. "एक वाट आहे. नोंदी मोघम भरल्या असं लिहून दिलंत, तर ही वही बाद करता येते. मग तुम्हाला सरासरीचा सात धरून चालता येईल. सव्वापाचवर यायचं. पण लिहिणं यांचं आणि सही तुमची, तेव्हा लिहून दोघांनी द्यायचं. आणि बाई, नोंदीचं काम मग तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. खोटी वही भरली असा शेरा बसेल."

सून खुर्चीवरून उठली. "मी देते लिहून," ती म्हणाली. "मामंजी म्हणत असतील तर."

मोजणीवाल्यानं कोरा कागद टेबलावर सरकवला. उस्तादानं वही ओढून घेतली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याच्या तीन काड्या, कागद फाटेल इतक्या दाबून काढलेल्या. हंगामभर ही बाई खोटं लिहिते म्हणून तो तिच्या मानगुटीवर बसला होता. आणि आता तिनं खोटं लिहिलं असं कागदावर आलं, की त्याचा पट्टा वाचत होता. सव्वापाच काही लांब नव्हतं. त्यानं हात पुढं केला, पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात त्याला तिसऱ्या भट्टीचं पान दिसलं. उघडा धूर, दहा मिनिटं.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"वही बरोबर आहे," तो म्हणाला.

"उस्ताद, नीट विचार करा."

"एक पान मोघम नाही. मी रोज ऐकलंय. तिनं लिहिलंय ते मिनिटाला मिनिट खरं आहे." हे त्यानं सुनेसाठी म्हटलं की त्या काचेसारख्या वाजणाऱ्या कोळशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बहुधा दोन्हीसाठी. मोजणीवाल्यानं कोरा कागद परत घेतला.

ते चढ चढून घरी निघाले. लेक पुढं, उस्ताद लंगडत मध्ये, सून मागं. पट्ट्यावर पोचल्यावर तो सरळ रिकाम्या छपरापाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो तिथली सालपटं पायानं सारत होता. मग घसा साफ करून, सुनेकडे न बघता म्हणाला, "मातीत तीन होणार नाही. लोखंडी भट्टीच लावावी लागेल. तुझ्या भावाला निरोप दे, किती दिवसांत देतो ते विचार."

सून गळ्यातल्या बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"घरचा म्हणून कमी नको करायला. त्याचं जे काय असेल ते देऊ."

"तो बनवत नाही आता," सून म्हणाली.

"का?"

"मी बंद करायला लावलं. होतं तेवढं लोखंड त्यानं लोकांच्या फाटकांना वापरून टाकलं. साचे मोडले. आता बनवणारा पार लांब आहे, त्याच्याकडे दीड वर्षाची रांग आहे."

"तू बंद करायला लावलं? कधी?"

"तुम्ही पहिल्या पानावर सही केलीत ना, त्या संध्याकाळी. पाणवठ्यावरून फोन केला. तो ऐकत नव्हता, नुकसान होईल म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे. मामंजींच्या मनात नको ते आलंय. आमच्या डोंगरावर तुझी एक भट्टी दिसली, तर मला या घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

उस्तादाला ती संध्याकाळ दिसली. एका हातानं कान झाकून बोलणारी, हात हलवून कुणाला तरी पटवणारी. पायरीवर बसून त्यानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली. छपराच्या खांबाला धरून तो हळूच खाली बसला आणि भाजलेला पाय पुढं पसरला.

"तो कागद आहे ना घरात?" त्यानं विचारलं. "बारीक अक्षरांचा?"

"आहे."

"आण. बस इथं. मागची बाजू वाच सगळी."

सुनेनं कागद आणला, त्याच्या शेजारी सालपटांवर बसली आणि वाचायला लागली. कागद लांबलचक होता, भाषा अवघड होती, आणि ती वाचत होती तोवर उस्तादानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.